इंग्रजी स्पेलिंग नेमकं कुठे अडतं?

मंडळी, आजच्या विषयाची धास्ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात पाचवीच्या वर्गात बसलेली आहे. नव्या पिढीच्या मनात ती पहिलीतच बसते, कारण २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. विषय आहे स्पेलिंग. माणूस पन्नाशीला येतो, कचेरीत साहेब होतो, दहा जणांचे अर्ज तपासतो, तरी 'नेसेसरी' लिहायची वेळ आली की पेन क्षणभर कागदावर अधांतरी थांबतं. सी एक की दोन? एस किती? मग तो 'रिक्वायर्ड' लिहून वेळ मारून नेतो. आजारपणाच्या रजेच्या अर्जांत इतक्या लोकांना ताप का येतो, याचंही एक कारण आम्हांला वाटतं ते हेच. 'फीव्हर'ला पाच अक्षरं पुरतात. 'डायरिया' लिहायला कोण धजावणार?

आज अक्षरं आम्ही एकेक करून उच्चारणार आहोत. ज्यांच्याजवळ कागद असेल त्यांनी लिहून घ्यावं, म्हणजे शब्द डोळ्यांसमोर राहील. स्पेलिंग हा मुळात डोळ्याचा आणि हाताचा विषय आहे. आपण तो कानाने सोडवायला जातो आणि तिथेच पहिली ठेच लागते.

ही ठेच मराठी माणसाला जास्त लागते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. आपण बाराखडीवर वाढलो. जसं ऐकू येतं तसं लिहायचं, ही शिस्त आपल्या अंगात मुरलेली. मराठीतही ती शंभर टक्के खरी नाही, हे जाता जाता सांगून टाकू. 'चाक' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा उच्चारतो, पण लिहितो सारखाच. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' कागदावर जुळे भाऊ आहेत. पण एवढे थोडे अपवाद सोडले तर मराठी लिपी आपल्याशी प्रामाणिक असते. त्यामुळे मूल जेव्हा 'नेसेसरी' हा शब्द एन-ई-एस-एस-ई-एस-ए-आर-वाय असा लिहितं, तेव्हा त्याने तर्कच लढवलेला असतो. 'स' ऐकू आला, त्याने एस लिहिला. शिक्षक लाल शाईने गोल करतात आणि पाच वेळा लिहून आणायला सांगतात. त्या गोलाच्या आत काय घडलं, हे कोणी बघत नाही. आज आपण तेच बघू.

सुरुवात जोडअक्षरांपासून करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. 'अकोमोडेशन' घ्या. ए-सी-सी-ओ-एम-एम-ओ-डी-ए-टी-आय-ओ-एन. दोन सी, दोन एम. लॉजच्या पाटीवर हा शब्द बरोबर लिहिलेला दिसला तर थांबून मालकाचं अभिनंदन करावं, इतका तो दुर्मीळ. आपण तो का चुकतो? मराठीत दुहेरी व्यंजन असलं तर ते ऐकू येतंच. 'पक्का' म्हणताना जीभ थबकते, 'सत्ता' म्हणतानाही. इंग्रजीत तसं नाही. दुहेरी अक्षराचा उच्चार एकेरीच होतो, मग ते कानाला कळणार कसं?

मग ते अक्षर दुहेरी लिहितात कशाला? कारणं दोन आहेत. पहिलं, दुहेरी व्यंजन म्हणजे आधीच्या स्वराला दिलेली सूचना: तू आखूड राहा. 'डिनर'ला दोन एन, म्हणून 'डि'. एकच एन लिहिला तर तो 'डायनर' होतो, म्हणजे जेवणारा माणूस. 'हॉपिंग'मध्ये दोन पी, लंगडी घालणं. 'होपिंग'मध्ये एक पी, आशा करणं. 'लेटर', म्हणजे नंतर, यात एक टी, आणि 'लॅटर', म्हणजे दोहोंपैकी दुसरा, यात दोन.

दुसरं कारण आमच्या मते जास्त रंजक आहे, आणि ते मराठी-संस्कृत शिकलेल्याला इंग्रज मुलापेक्षा लवकर कळायला हवं. ते म्हणजे संधी. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. उत् अधिक लास म्हणजे उल्लास. जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ. आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या व्यंजनासारखं होतं, म्हणून ते दोनदा येतं. लॅटिनमध्ये हुबेहूब हाच प्रकार आहे. 'अॅड' हा उपसर्ग 'कॉम'ला लागला की त्याचा डी जाऊन सी होतो. झाले दोन सी. 'कॉम'चा एम आणि पुढे 'मोडस', म्हणजे माप, याचा एम. झाले दोन एम. अकोमोडेशनचं कोडं सुटलं. 'इन' हा नकारार्थी उपसर्ग 'लीगल'ला लागला की 'इलीगल', दोन एल. 'मॉर्टल'ला लागला की 'इम्मॉर्टल', दोन एम. 'रेग्युलर'ला लागला की दोन आर. 'ऑब' अधिक 'कर' म्हणजे 'अकर', घडणे, दोन सी.

आता याच किल्लीने उलट बाजूचं कुलूपही उघडतं. 'रेकमेंड'मध्ये सी एकच का? कारण उपसर्ग आहे 'री', आणि त्याच्या शेवटी व्यंजनच नाही. दुप्पट होणार काय? 'कमेंड'चे दोन एम मात्र जागेवर आहेत. 'डिसअपॉइंट'मध्ये एस एक आणि पी दोन, कारण 'डिस' अधिक 'अपॉइंट'. 'डिससॅटिस्फाइड'मध्ये एस दोन, कारण एक 'डिस'चा आणि एक 'सॅटिस्फाइड'चा स्वतःचा. आणि आपला 'नेसेसरी'? 'ने' म्हणजे न, आणि 'सेस' म्हणजे मागे हटणे. जिथून मागे हटता येत नाही ते नेसेसरी. 'ने' स्वरान्त, म्हणून सी एकच. 'सेस'चे एस दोन. ज्यांना लॅटिनचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी सोपी खूण आहे: शर्टाला कॉलर एक, स्लीव्ह दोन.

सगळीकडे ही किल्ली लागत नाही, हेही खरं. 'एम्बॅरस'मध्ये दोन आर, दोन एस. 'हॅरस'मध्ये आर एक, एस दोन. हे दोन शब्द फ्रेंचमधून वेगवेगळ्या वाटांनी आले आणि तसेच राहिले. ते पाठच करावे लागतात.

आता मुक्या अक्षरांकडे येऊ. 'डेट', म्हणजे कर्ज. डी-ई-बी-टी. हा बी कुठून आला? मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, डी-ई-टी-टी-ई असा तो लिहीत. उच्चारही तसाच होता. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमाराला विद्वानांना लॅटिनचं भारी वेड लागलं. त्यांनी म्हटलं, मूळ शब्द 'डेबितुम', त्यात बी आहे, तेव्हा आपणही घालू. लोकांनी लिहिताना घातला, पण जिभेवर काही घेतला नाही. 'डाउट'मधला बी याच पद्धतीने आला. 'रिसीट'मधला पीसुद्धा. गंमत अशी की 'रिसीट'ला पी मिळाला, पण त्याच घरातल्या 'डिसीट' आणि 'कन्सीट'ला मिळाला नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा कोश काढला तेव्हा ही विसंगती त्याला पुरती ठाऊक होती. त्याने प्रस्तावनेत ती नोंदवलीसुद्धा, आणि बहुसंख्य लोक असंच लिहितात म्हणून तशीच ठेवली. तेव्हा आमचा एखादा विद्यार्थी 'रिसीट'मधला पी विसरला की त्याला मूर्ख म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा, एवढीच आमची विनंती असते.

'आयलंड'ची गोष्ट तर याहून वाईट. आय-एस-एल-ए-एन-डी. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचा लॅटिनशी काडीचा संबंध नाही, आणि त्यात एस कधीच नव्हता. पण शेजारी 'आइल' हा फ्रेंचमधून आलेला शब्द होता, लॅटिन 'इन्सुला'पासूनचा, आणि त्यात विद्वानांनी एस बसवला होता. दोघांचा अर्थ बेट. मग आयलंडलाही तो एस चिकटला. चुकीच्या नातलगाचं आडनाव लावल्यासारखं झालं. ते आजतागायत तसंच आहे.

'कर्नल' हा आपल्या ओळखीचा माणूस. स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, त्यात र औषधालाही नाही. मूळ शब्द इटालियन, 'कोलोनेल्लो'. फ्रेंचांनी त्याचा 'कोरोनेल' केला. दोन ल लागोपाठ म्हणायला जड जातात, आपल्याकडेही लोक असं करतातच. इंग्रजांनी उच्चार उचलला 'कोरोनेल'चा, आणि पुढे स्पेलिंग घेतलं इटालियन घराण्याचं. दोन्ही टिकलं. आपण मराठीत फक्त उच्चार घेतला, 'कर्नल' लिहिलं आणि सुखी झालो.

इथे कोणी म्हणेल, एवढे सगळे फाटे कोणी छाटले का नाहीत? हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीने हेच काम करून दाखवलं आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्येष्ठांनी जुनी पुस्तकं पाहिली असतील. 'नांव', 'पांच', 'कांहीं'. डोक्यावर टिंबं, आणि उच्चारात त्यांचा पत्ता नाही. ती टिंबं म्हणजे आपली मुकी अक्षरंच होती. व्युत्पत्तीची आठवण म्हणून ठेवलेली. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हा त्यावर वाद झाले, पण आज नातवाला विचारा, त्याला ते कधी होते हेही माहीत नसतं.

इंग्रजीत असं महामंडळच नाही. कोणी ठराव करून सगळ्यांना बांधू शकत नाही. प्रयत्न मात्र झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 'कलर'मधला यू काढला, 'सेंटर'चा शेवट ई-आर केला, आणि ते १८२८ च्या त्याच्या कोशातून रुळलं. पण 'टंग', म्हणजे जीभ, हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्याची सूचना कोणी ऐकली नाही. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगने छापायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि वर्ष संपायच्या आत तिथल्या संसदेने तो हाणून पाडला. जगातल्या सर्वांत बलाढ्य खुर्च्यांपैकी एकीवर बसलेल्या माणसाला तीनशे शब्द बदलता आले नाहीत. बर्नार्ड शॉने मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. ती लिपी तयार झाली, तीत त्याचं एक नाटकही छापलं गेलं. कधी? १९६२ साली. आपले अनुस्वार गेले त्याच वर्षी. शॉची लिपी मात्र हौशी लोकांपुरतीच उरली.

आता स्वरांकडे वळू. इथे आपली फार मोठी अडचण आहे. इंग्रजी 'नेम', एन-ए-एम-ई. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळात, इंग्रज हा शब्द साधारण 'नाम' असाच म्हणत, शेवटी किंचित स्वर लावून. आपला 'नाम' आणि तो 'नाम' एकाच मूळ कुळातले आहेत, हे ऐकून बरं वाटतं. 'टाइम' म्हणत 'टीम', 'हाउस' म्हणत 'हूस'. म्हणजे स्पेलिंग तेव्हा उच्चाराप्रमाणेच होतं! पुढे साधारण तीनशे वर्षांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक करून सरकले. 'आ' सरकत सरकत 'ए' झाला, 'ई' चा 'आय' झाला, 'ऊ' चा 'आउ' झाला. याला भाषाशास्त्रात स्वरांचं महासंक्रमण म्हणतात. आणि नेमका त्याच काळात छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधलं पहिलं मुद्रणालय घातलं. छापलेलं स्पेलिंग थिजत गेलं आणि उच्चार पुढे चालत राहिला. 'नाइट'मधला के आणि जी-एच हे एकेकाळी खरोखर उच्चारले जात. आज ते रिकाम्या घरावरच्या पाटीसारखे उरले आहेत. कॅक्स्टनचं बरंच आयुष्य फ्लँडर्सच्या बाजूला गेलेलं, म्हणून त्याच्या छापखान्यातून 'घोस्ट'मध्ये तिकडच्या वळणाचा एच शिरला, तो भुतासारखाच मानगुटीवर बसला.

स्वरांची दुसरी अडचण आघाताची. इंग्रज माणूस शब्दातल्या एकाच भागावर जोर देतो आणि बाकीचे स्वर गिळतो. गिळलेले सगळे स्वर 'अ'सारखे ऐकू येतात. मग 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए की ई, 'ग्रामर'च्या शेवटी ए-आर की ई-आर, 'डेफिनेट'मध्ये आय की ए, हे ऐकून कळत नाही. आपल्यालाच नव्हे, इंग्रजालाही कळत नाही. 'सेपरेट' हा शब्द तिकडेही सर्रास चुकतो.

यावर उपाय आहे, आणि आम्ही आमच्या शिक्षकांच्या वर्गांत त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. शब्दाची बहीण शोधायची. एका शब्दात गिळलेला स्वर बहिणीच्या तोंडून स्वच्छ ऐकू येतो. 'ग्रामर'ची बहीण 'ग्रमॅटिकल'. ऐका, 'मॅ'. म्हणजे ए. 'डेफिनेट'ची बहीण 'फाइनाइट' आणि 'डेफिनिशन'. म्हणजे आय. 'सेपरेट'ची बहीण 'प्रिपेअर'. दोघींचं मूळ लॅटिन 'पारारे', तयार करणे. म्हणून पी नंतर ए. 'रेलेटिव्ह'ची बहीण 'रिलेशन'. 'प्रिव्हिलेज'ची बहीण 'लीगल', दोन्हीत कायदा आहे. म्हणून त्यात डी घालायचा नाही, 'नॉलेज'मध्ये घालतो तसा. ही युक्ती मुक्या अक्षरांनाही चालते. 'साइन'मधला जी 'सिग्नेचर'मध्ये बोलतो. 'बॉम्ब'चा शेवटचा बी 'बॉम्बार्ड'मध्ये बोलतो. 'ऑटम'चा एन 'ऑटम्नल'मध्ये, 'मसल'चा सी 'मस्क्युलर'मध्ये. 'मेडिसिन'मध्ये सी का, एस का नाही? 'मेडिकल' म्हणून बघा.

मराठी मुलाला हे कळतं, कारण त्याला 'बुद्धी' दीर्घ आणि 'बुद्धिमान' ऱ्हस्व हे भांडण घरचंच असतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. बहीण कधी कधी दगा देते. 'प्रोनाउन्स'मध्ये ओ-यू आहे, पण 'प्रोनन्सिएशन'मध्ये नुसता यू. 'मेन्टेन'मध्ये ए-आय, पण 'मेन्टेनन्स'मध्ये ई. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हा शब्द महिन्यातून एकदा तरी चुकतो, आणि बिल मात्र बरोबर येतं.

आता जरा घरी येऊ. इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडून गेले आहेत, आणि त्यांची स्पेलिंगं कशी झाली हे बघण्यासारखं आहे. 'मुंगूस' हा शब्द इंग्रजीत मराठीतून गेला. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. शेवटी त्यांना परिचित असं 'गूस', म्हणजे हंसासारखं बदक, दिसलं आणि स्पेलिंग तिकडे झुकलं. पण बदकाशी नातं नाही, म्हणून अनेकवचन 'मोंगीस' होत नाही, 'मोंगूसेस' होतं. 'जंगल' जे-यू-एन-जी-एल-ई. 'ठग' टी-एच-यू-जी. 'पंडित' पी-यू-एन-डी-आय-टी. 'बंगला' बी-यू-एन-जी-ए-एल-ओ-डब्ल्यू. 'पंजाब'ही पी-यू. सगळीकडे यू दिसतोय ना? कारण सरळ आहे. इंग्रज कानाला आपला 'अ' हा त्यांच्या 'कट', 'बट' मधल्या यू-सारखा ऐकू आला, आणि त्यांनी तसा लिहिला. आपण 'अ' साठी ए लिहितो, ते नंतरचं वळण. हे एकदा कळलं की या जातीचे शब्द चुकत नाहीत. आणि मघाचा जगन्नाथ? तोही गेला इंग्रजीत, 'जगरनॉट' होऊन. जे-यू-जी-जी-ई-आर-एन-ए-यू-टी. रथयात्रेचा रथ ऐकून त्यांनी वाटेत येईल ते चिरडणारी शक्ती असा त्याचा अर्थ केला. आपल्या संधीतला दुहेरी न त्यांनी घालवला आणि नको तिथे जी दुहेरी केला.

व्यवहारातले दोन-तीन शब्द सांगून हा भाग संपवू. चेकवर चाळीस लिहिताना एफ-ओ-आर-टी-वाय. 'फोर'मध्ये यू, 'फोर्टीन'मध्ये यू, 'फोर्टी'मध्ये नाही. एकेकाळी यू घालूनही लिहीत, पुढे तो गळला. 'नाइंटी'त ई आहे, 'नाइन्थ'मध्ये नाही. 'एट्थ'मध्ये टी एकच. आणि वह्या-पेनांच्या दुकानाची पाटी. 'स्टेशनरी'च्या शेवटी ई-आर-वाय हवं. ए-आर-वाय लिहिलं तर त्याचा अर्थ एका जागी थांबलेला. खरं तर दोन्ही शब्द सख्खे आहेत. जुन्या काळी फिरते विक्रेते पुष्कळ, आणि एका जागी ठाण मांडून विकणारा तो 'स्टेशनर'. 'ग्रोसर'ची 'ग्रोसरी', 'बेकर'ची 'बेकरी', तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी'. फोनमधला तपासनीस ही चूक पकडत नाही, कारण शब्द दोन्ही खरे आहेत.

पाठ करण्याच्या आपल्या देशी युक्त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. 'असॅसिनेशन'साठी गाढव, त्यावर गाढव, त्यावर मी, माझ्यावर राष्ट्र. 'लेफ्टनंट'साठी खोटं, तू, दहा, मुंग्या. 'टुगेदर' म्हणजे 'टू-गेट-हर'. कोणी बनवलं माहीत नाही, पण ज्याने एकदा ऐकलं तो जन्मात विसरत नाही. तसंच 'वेड-नेस-डे' असं मनात म्हणत लिहिणं. त्यात हसण्यासारखं काही नाही. वोडन या देवाचा तो वार, आणि हजार वर्षांपूर्वी इंग्रज त्यातला ड खरोखर उच्चारत. आपण 'फेब्रुवारी' म्हणताना जो र स्पष्ट म्हणतो, तो कित्येक इंग्रज आज गिळतात. त्या शब्दात आपलं मूल चुकत नाही, बघा.

अमेरिकेत स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा ती पहिल्यांदा जिंकला. शेवटचा शब्द होता 'मिल्यू', एम-आय-एल-आय-ई-यू. २०१९ मध्ये आठ मुलं संयुक्त विजेती ठरली, त्यांतली सात भारतीय वंशाची. लोक म्हणतात, घोकंपट्टी. घोकंपट्टी असतेच. पण त्या स्पर्धेत मुलाला शब्दाचा अर्थ विचारायची मुभा असते, आणि शब्द कोणत्या भाषेतून आला हेही विचारता येतं. बहुतेक मुलं ते विचारतात. ग्रीक म्हटलं की 'फ' साठी पी-एच, 'क' साठी सी-एच, 'रिदम'मध्ये आर नंतर एच आणि मध्ये वाय. फ्रेंच म्हटलं की 'ब्यूरो'च्या शेवटी ई-ए-यू. आपल्या वर्गात हा प्रश्न विचारायची मुभा कोणत्याच मुलाला नसते.

आता श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

पहिली चिठ्ठी: ब्रिटिश स्पेलिंग लिहावं की अमेरिकन? आपल्याकडे शाळा आणि सरकारी कामकाज ब्रिटिश वळणाने चालतं, तेव्हा परीक्षेत तेच. पण एका कागदावर 'कलर' यू घालून आणि 'सेंटर' ई-आर करून लिहू नका. कुठलंही एक धरा.

दुसरी: 'आय बिफोर ई, एक्सेप्ट आफ्टर सी' हा नियम खरा का? उच्चार 'ई' असेल तर बऱ्यापैकी खरा. 'बिलीव्ह', 'फील्ड' आय-ई, 'रिसीव्ह', 'सीलिंग' ई-आय. 'सीझ', 'प्रोटीन' आणि 'कॅफीन' मोडतात. उच्चार वेगळा असेल तर नियम लावूच नका, 'सायन्स' आणि 'देअर' लगेच खोटे पाडतील.

तिसरी चिठ्ठी एका आईची आहे. मुलगा चौथीत, हुशार आहे, तोंडी सगळं सांगतो, पण लिहिताना तोच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहितो. मराठीतही अक्षरं मागेपुढे होतात. घरचे म्हणतात आळशी आहे. बाई, त्याला ओरडणं आधी थांबवा. मराठीसारख्या प्रामाणिक लिपीतही तीच अडचण येत असेल, तर हे नुसतं इंग्रजीचं दुखणं नाही. डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या. २००७ च्या 'तारे जमीन पर'मुळे हा शब्द घराघरांत पोहोचला, पण तपासणीपर्यंत फार थोडी मुलं पोहोचतात. निदान झालं तर दहावी बोर्ड जादा वेळेसारख्या सवलती देतं. त्या दहावीच्या वर्षी धावपळ करून मागण्यापेक्षा आत्ताच शाळेशी बोललेलं बरं. आणि त्याचं तोंडी उत्तर ऐकून घ्या, त्याला काय येतं ते तिथे कळेल.

शेवटची: पाच-पाच वेळा लिहायला लावावं का? तिसऱ्या वेळेनंतर हात लिहितो आणि डोकं खेळायला जातं, हे आम्ही शेकडो वह्यांत पाहिलं आहे. पाचही वेळा तीच चूक उतरवलेली पानं आमच्याकडे आहेत. त्याऐवजी असं करा. शब्द नीट बघा, कुठलं अक्षर दगा देतंय त्यावर बोट ठेवा, पान झाका, लिहा, उघडून ताडून पाहा. चुकलं तर फक्त तेवढं अक्षर दुरुस्त करा. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. रोज चार शब्द पुष्कळ झाले.

एक चिठ्ठी मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आहे, पण सभागृहाची वेळ संपली. ती पुढच्या व्याख्यानाला घेऊ.